‘पाणी हवं, तळं नको’: एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं प्रकरण

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आले. आमच्या नौपाड्यातल्या एका वाचक कट्ट्याचा दिवाळी अंक ते काढतात आणि मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे असतं. यंदाचा विषय होता ठाण्याची तळी. मासुंदा, उपवन, कचराळी, आंबेघोसाळे, रायलादेवी, सिद्धेश्वर, एकेका तळ्यावर कोणी ना कोणी मनापासून लिहिलेलं. मजकूर हातात होता, जाहिराती येत होत्या. काकांनी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, “अगं, तळ्याचा फोटो नको. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तेच फोटो आहेत. हातात पणती घेतलेली बाई तर नकोच नको. पाणी दिसलं पाहिजे, पण तळं नको.”

मी वहीत तेवढंच वाक्य लिहून घेतलं. वीसएक वर्षांत गिऱ्हाइकाने इतकं नेमकं काही मागितल्याचं मला आठवत नाही. अमूर्त, वाहतं, द्रवरूप काहीतरी हवं होतं आणि ते बघताक्षणी पाणी वाटायला हवं होतं. मध किंवा तेल वाटून चालणार नव्हतं, वितळलेली धातू तर नाहीच. घटस्थापनेला मुखपृष्ठ छापखान्यात जायचं होतं, म्हणजे हातात पितृपंधरवडा.

हे काम कसं फसलं आणि कसं सावरलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे. फोटोशॉपमध्ये ‘लिक्विड इफेक्ट’, म्हणजे द्रवासारखं दिसणारं चित्र, शिकणारी मुलं माझ्याकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येकजण ज्या ठिकाणी अडकतो, त्याच ठिकाणी आम्हीही अडकलो होतो.

पहिला प्रयत्न

माझ्याकडे कळव्याहून एक मुलगा शिकायला येतो. हात चांगला आहे, घाई जरा जास्त. त्याला म्हटलं, तू सुरुवात कर. त्याने सगळीकडे शिकवतात तीच कृती केली. काळा-पांढरा रंग घेऊन ‘क्लाउड्स’ फिल्टर. त्यावर तीन-चार वेळा ‘डिफरन्स क्लाउड्स’, म्हणजे ढगांना संगमरवरासारख्या शिरा येतात. मग ‘क्रोम’. मग ‘वेव्ह’ने लाटा, ‘ट्वर्ल’ने भोवरा. त्याच थराची एक प्रत, उलटा भोवरा, दोन्ही थर ‘लाइटन’ मोडमध्ये एकावर एक. ‘लेव्हल्स’ ओढून कॉन्ट्रास्ट वाढवला आणि शेवटी ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये ‘कलराइज’ची खूण करून निळा रंग चढवला. पाऊण तासात काम तयार. स्क्रीनवर झगमगत होतं आणि मलाही पहिल्या नजरेत बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

काकांनी चष्मा वर सरकवून बघितलं. “हे पाणी नाही गं. हा नवा कोरा स्टीलचा डबा आहे. निळ्या ट्यूबखाली ठेवलेला.”

मुलाने दुसरा प्रयत्न केला. ‘क्रोम’ काढून ‘प्लास्टिक रॅप’ लावला, लाटांची संख्या कमी केली, रंग हिरवट केला. त्यावर काका म्हणाले, “आता दुधाची पिशवी.” तिसऱ्या प्रयत्नात त्याने नुसता रंग बदलला. मग मीच थांबवलं. रंग हे दुखणं नव्हतं.

दोन्ही वेळा काकांची तक्रार अगदी अचूक होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांना फिल्टरचं एकही नाव माहीत नाही. तरी स्टील ते स्टील आणि प्लास्टिक ते प्लास्टिक त्यांनी ओळखलं. ‘क्रोम’ फिल्टरचं कामच मुळी चित्राला घासून लख्ख केलेल्या धातूचा पृष्ठभाग देणं. उजळ जागा म्हणजे उंचवटे, काळोख्या जागा म्हणजे खोलगट भाग, असं धरून तो प्रत्येक चढउताराच्या कडेला चकाकीची पट्टी बसवतो. कुठलाही कोपरा तो सोडत नाही. ‘प्लास्टिक रॅप’सुद्धा सगळ्या चित्रावर सारखंच चकचकीत वेष्टण ताणतो. डोळ्याला वस्तूचा पोत तिच्या आकारापेक्षा चकाकीवरून आधी कळतो. म्हणून लाटांचे आकार बदलून काही फरक पडत नव्हता.

तळ्याकाठी

तेव्हा मी मुलाला म्हटलं, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद कर, आपण तलावपाळीवर, म्हणजे मासुंद्याच्या काठावर, जाऊ. वद्य दशमी होती. सातला पोचलो तेव्हा पूर्ण अंधार झाला होता, पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. पाण्याच्या मधोमध देऊळ, एका बाजूला गडकरी रंगायतन, रस्त्याचे दिवे, दुकानांच्या पाट्या, भेळवाल्यांच्या गाड्यांवरचे बल्ब. आम्ही कठड्याला टेकून पाऊण तास नुसतं पाणी बघितलं. कॉलेजच्या मुलांच्या गर्दीत आम्ही दोघंच खाली मान घालून उभे.

मी त्याला विचारलं, पाणी कुठल्या रंगाचं आहे? तो म्हणाला, काळं. मग म्हणाला, नाही ताई, पिवळं. मग गप्प झाला. पायाशी बघितलं की पाणी काळसर हिरवं दिसत होतं, समोर लांब बघितलं की दिव्यांनी भरलेलं. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. पाण्याकडे सरळ वरून खाली बघितलं, तर त्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के उजेड परत फिरतो. नजर जसजशी तिरकी होत जाते तसतसं हे प्रमाण वाढतं, आणि अगदी पाण्याला लागून बघितलं की पाणी आरशासारखं होतं. स्टीलचं तसं नाही. ते कुठूनही बघा, पडलेल्या उजेडातला निम्म्याहून जास्त परत फेकतं.

दुसरी गोष्ट मुलाने स्वतः पकडली. समोरच्या काठावरचा दिवा हा एक ठिपका आहे, पण पाण्यात त्याचा उभा खांब होतो. प्रत्येक लहान लाटेचा एक तुकडा त्या दिव्याकडे कललेला असतो, तो आपल्यापुरती चकाकी देतो, आणि अशा शेकडो तुकड्यांची रांग आपल्या पायांपर्यंत येते. लाटा आडव्या, प्रकाश उभा. खांब जागोजागी आडवा चिरला जातो, तुकडे डावी-उजवीकडे सरकतात. पाणी म्हणून आपण जे ओळखतो ते हे चिरलं जाणं. “म्हणजे ताई, आपल्याला पाणी काढायचंच नाहीये. दिवे काढायचेत,” तो म्हणाला. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म त्याच्या या वाक्यात होतं.

मोबाइलच्या प्रो मोडमध्ये आम्ही साठेक फोटो घेतले. सेकंदाच्या आठव्या भागावर घेतलेल्या फोटोत लाटा पुसल्या जाऊन नुसते मऊ रंगपट्टे आले, १२५व्या भागावर घेतलेल्यात प्रत्येक चीर स्पष्ट, पण दाणे फार. दोन्ही उपयोगी पडले, वेगवेगळ्या कामाला.

घरी येऊन दोन हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात डावीकडच्या काळ्यापासून उजवीकडच्या पांढऱ्यापर्यंत कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारे आलेख, शेजारी ठेवले, एक मुलाच्या निळ्या स्टीलचा आणि एक मासुंद्याच्या फोटोचा. स्टीलचा हिस्टोग्राम डावीकडून उजवीकडे पसरलेलं पठार. तळ्याच्या फोटोत सगळा ढीग डाव्या टोकाला, आणि तिथून उजवीकडे एक बारीक शेपूट, टोकापर्यंत गेलेली. चित्राचा बहुतेक भाग अंधार, आणि पांढऱ्याला पोचणारे पिक्सेल मूठभर. मुलाने दोन्ही आलेख छापून भिंतीला लावले, ते अजून आहेत.

दिवे आधी, लाटा नंतर

आता आम्ही क्रम उलटा केला. आधी प्रतिबिंबात काय पडायचं ते ठरवलं. पुसट फोटोंमधून आयड्रॉपरने रंग उचलले: जवळजवळ काळा असलेला बाटलीचा हिरवा, गढूळ शेवाळी, राखाडी, बल्बचा हळदी पिवळा, एका औषधाच्या दुकानाच्या पाटीचा थोडा लाल, आणि एलईडीचा थंड पांढरा. अंधाऱ्या हिरव्या पार्श्वभूमीवर मऊ ब्रशने अकरा उभे पट्टे ओढले, काही बोटभर, काही दोऱ्याएवढे. पट्ट्यांमधलं अंतर मुद्दाम विषम ठेवलं. दोन पट्टे वरून खाली येताना मध्येच विरतात. हे एवढंच चित्र बघितलं तर कोणालाही वाटेल की पडदा टांगलाय.

मग लाटांचा नकाशा. इथे ‘डिस्प्लेस’ हा फिल्टर कामाला येतो, आणि शिकवणारे त्याच्याकडे फार दुर्लक्ष करतात असं माझं मत आहे. ‘डिस्प्लेस’ला तुम्ही दुसरी एक फाइल देता. त्या फाइलमधला करडा रंग बघून तो तुमच्या चित्रातले पिक्सेल सरकवतो. १२८ हा मधला करडा म्हणजे जागेवरून हलायचं नाही. ० म्हणजे एका दिशेला जास्तीत जास्त, २५५ म्हणजे विरुद्ध दिशेला जास्तीत जास्त. फाइल पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या प्रकारातली, हवी आणि थर एकत्र केलेले असले तर त्रास होत नाही. नकाशात एकाहून अधिक चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे रंगाचे वेगळे पदर, असतील तर पहिला चॅनल आडवं सरकणं ठरवतो, दुसरा उभं. म्हणून आम्ही लाल चॅनलमध्ये एक ढग आणि हिरव्यात वेगळा ढग टाकला. दोन्हीत एकच ढग असता तर सगळं चित्र तिरपं एकाच दिशेने घसरल्यासारखं दिसलं असतं.

ढग म्हणजे पुन्हा तेच ‘क्लाउड्स’ आणि ‘डिफरन्स क्लाउड्स’. मुलाची पहिली पायरी वाया गेली नाही, फक्त तिने चित्र होण्याऐवजी नकाशा व्हायचं होतं. ढग तयार झाल्यावर ‘फ्री ट्रान्सफॉर्म’ने ते आडवे तिप्पट ताणले. गोल ढगाची आडवी वळी झाली आणि वळी म्हणजे तळ्यावरची झुळूक. वरच्या बाजूला वळ्या अजून दाबल्या, कारण लांबची लाट बारीक दिसते. मग ‘गॉशियन ब्लर’. नकाशा धूसर केला नाही तर पिक्सेल दातेरी फाटतात, करवतीने कापल्यासारखे. ‘डिस्प्लेस’मध्ये आडवं प्रमाण ९० आणि उभं २५ ठेवलं. १०० प्रमाणाला पिक्सेल जास्तीत जास्त १२८ जागा सरकतो, म्हणजे ९०ला साधारण ११५. छपाईच्या ३०० पिक्सेल प्रति इंच हिशेबात हे जवळपास १ सेंटिमीटर होतं. उभ्या पट्ट्याला उभं सरकवून काहीच दिसत नाही, म्हणून सगळा जोर आडव्यावर.

एंटर दाबलं आणि पडद्याचं पाणी झालं. मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला. मी इतकी वर्षं हे काम करते आहे, पण त्या क्षणी मला जे वाटलं ते पहिल्यांदा डार्करूममध्ये फोटो उमटताना पाहिला तेव्हाचं होतं.

फणी

पण हे अजून ‘तळं’ होतं. काकांनी तळं नको म्हटलं होतं. क्षितिज कुठे आहे ते डोळ्याला कळत होतं. ते मोडायला ‘लिक्विफाय’, म्हणजे ओल्या रंगासारखं चित्र ब्रशने ओढता येणारा फिल्टर.

मी २००१ मध्ये डीटीपी शिकले तेव्हा फोटोशॉप ६ नवं होतं. २००० साली आलेल्या त्या आवृत्तीत लिक्विफाय पहिल्यांदा आला आणि सगळ्यांनी आधी लोकांची नाकं लांब केली. त्याची खरी ताकद मला खूप उशिरा कळली, आणि तीही जुन्या खतावण्यांमुळे. बाइंडरकडे लाल बासनातल्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या आत मार्बल कागद लावलेला असतो, तो आठवा. घट्टसर केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब तरंगत ठेवतात, त्यातून काडी किंवा फणी फिरवतात आणि वर कागद टेकवून उचलतात. सतराव्या शतकात विजापूरकडे चित्रकारांनी याच कागदातून घोडे आणि माणसं घडवली. फारसीत याला ‘अब्री’ म्हणतात, ‘अब्र’ म्हणजे ढग. आमच्या कामाची पहिली पायरीही ‘क्लाउड्स’च, हे ऐकून मुलगा खूश झाला.

तर लिक्विफायचा ‘फॉरवर्ड वॉर्प’ म्हणजे ती फणी. चूक एकच होते, छोट्या ब्रशने खूप वेळा घासलं जातं. त्याने पाणी होत नाही, केस होतात. आम्ही ब्रश चित्राच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा मोठा घेतला, दाब कमी ठेवला, आणि एकूण नऊ हात मारले. नऊच. प्रत्येक हात लांब, खांद्यातून आलेला. डावीकडे वर दोन हात उलटे, म्हणजे प्रकाशाची घडी पडली. उजवीकडे खाली ‘ट्वर्ल’ एकदा, ऑल्ट दाबून उलट दिशेने. अंकाचं नाव जिथे यायचं त्या जागेवर आधी ‘फ्रीझ मास्क’ रंगवला, तिथलं पाणी शांत राहायला हवं होतं. अक्षराखाली खळबळ असली की वाचताना डोळा दमतो.

आता हे वरून बघितलेलं पाणी की आतून बघितलेलं, सांगता येत नव्हतं. क्षितिज गेलं, दिवे ओळखू येईनासे झाले, पण ओलावा राहिला.

क्रोमही परत आणला. तो फिल्टर वाईट नाही, त्याला चुकीच्या जागी बसवलं होतं. नकाशाच्या करड्या प्रतीवर ‘डिटेल’ २ आणि ‘स्मूदनेस’ १० ठेवून क्रोम लावला, तो थर ‘स्क्रीन’ मोडमध्ये २५ टक्के, आणि मास्क असा की जिथे मुळात दिव्याचा पट्टा उजळ आहे तिथेच तो दिसावा. काठाला एक पातळ ओलसर रेघ आली. पूर्ण चित्रात ती सहा-सात ठिकाणीच आहे. फिल्टर गॅलरीतलं हे काम ८ बिटमध्येच, म्हणजे कमी छटा साठवणाऱ्या फाइलमध्येच, होतं, म्हणून तेवढी एक प्रत ८ बिटची.

आकाराची अडचण

एवढं सगळं आम्ही ९०० पिक्सेलच्या छोट्या फाइलवर करून पाहिलं होतं. खऱ्या आकारात करायला घेतलं आणि घात झाला. अंक सव्वासात बाय साडेनऊ इंच, पुढचं-मागचं पान, १० मिलिमीटरचा कणा आणि चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा कड, धरून फाइल झाली ४५३९ बाय २९२१ पिक्सेल. त्यावर क्लाउड्स मारले तर भलेमोठे ढग येण्याऐवजी सगळीकडे बारीक कापूस. क्लाउड्सचा नमुना पिक्सेलच्या मापाने ठरतो, फाइल मोठी झाली म्हणून ढग मोठे होत नाहीत. छोट्या फाइलवर जे सुंदर दिसतं ते मोठीवर चुरा होतं.

उपाय साधा आहे. नकाशा ६०० बाय ३८६ वर करा आणि मग मोठा करा. एरवी छोटं चित्र ताणणं हा गुन्हा आहे, पण नकाशा तसाही धूसर करायचा असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. मोठा केल्यावर पुन्हा १२ पिक्सेलचा ब्लर दिला. मुलाच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर गिंप, हे चित्रांचं फुकट सॉफ्टवेअर, आहे. त्यातल्या ‘सॉलिड नॉइज’मध्ये ढगाचा आडवा आणि उभा आकार वेगवेगळा ठरवता येतो, म्हणजे ताणायची पायरीसुद्धा वाचते. दोन नकाशे त्याने घरूनच करून आणले.

लिक्विफायचं काय? मोठ्या फाइलवर ते नऊ हात जसेच्या तसे पुन्हा कोण मारणार? इथे लिक्विफायमधलं ‘सेव्ह मेश’ वाचवतं. छोट्या फाइलवर केलेली सगळी ओढाताण जाळी म्हणून जतन होते, आणि ती मोठ्या फाइलवर ‘लोड मेश’ने उघडली की आपोआप त्या आकाराला ताणली जाते. रंगाच्या थरावर एकदा आणि क्रोमच्या थरावर एकदा, तीच जाळी. चकाकी घडीवर बरोबर बसली. शेवटी २ टक्के एकरंगी नॉइज, म्हणजे बारीक दाणे, कारण काळ्याकडून हिरव्याकडे जाणाऱ्या मऊ उतारावर पट्टे पडायला लागले होते.

छापखाना

वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात फाइल घेऊन गेलो तेव्हा अमावास्येला दोन दिवस होते. मुलाची जुनी निळी फाइलही कुतूहल म्हणून सोबत नेली. तिथल्या मशीनवर गॅमट वॉर्निंग, म्हणजे छापता न येणारे रंग करडे करून दाखवणारी सोय, लावली, तर निळ्या चित्राचा निम्म्याहून जास्त भाग करडा झाला. तो निळा शाईत मिळतच नाही. मासुंद्याच्या रंगांपैकी फक्त पाटीचा लाल थोडा फिका पडला. निसर्गातून, किंवा निदान रस्त्यावरच्या दिव्यांतून, उचललेले रंग छपाईला सहसा फसवत नाहीत, हा माझा अनुभव पुन्हा खरा ठरला.

अडचण आली अंधारात. मशीनवरच्या दादांनी काळ्या हिरव्यावर बोट ठेवून चार शायांचे टक्के वाचले: सायन ८८, मॅजेंटा ७६, पिवळा ८२, काळा ९२. बेरीज ३३८. “मॅडम, एवढी शाई सुकायची नाही. थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागेल.” त्यांच्याकडे मर्यादा ३००. चूक माझीच, छापखान्याच्या शाई-कागदाचं प्रोफाइल न बघता स्क्रीनच्या रंगांचं शाईच्या रंगांत रूपांतर केलं होतं. त्यांच्यासमोरच बसून सायन ८०, मॅजेंटा ६०, पिवळा ६०, काळा ८० वर आणलं, बेरीज २८०. प्रूफवर डोळ्याला फरक कळला नाही.

आणि मग तिथेच ते सुचलं. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन होणार होतं. मॅटने रंग जरा बसतात, चकाकी मरते. पाण्याची चकाकी मेली तर उरलं काय? दादांना विचारलं, स्पॉट यूव्ही, म्हणजे ठराविक जागीच चकचकीत वार्निश, कितीला पडेल? काकांच्या बजेटमध्ये एका जाहिरातीच्या पैशात बसत होतं. फोनवर काका एवढंच म्हणाले, “पाणी दिसेल ना? मग कर.”

यूव्हीच्या फाइलमध्ये करडं काही चालत नाही, काळं किंवा पांढरं. तयार चित्राच्या करड्या प्रतीवर ‘थ्रेशोल्ड’ २१५ लावला, म्हणजे त्याहून उजळ ते पांढरं आणि बाकी काळं, आणि मग काळं-पांढरं उलटवलं. चित्रातल्या त्या मूठभर उजळ जागाच काळ्या नकाशासारख्या उरल्या. म्हणजे हिस्टोग्रामची ती बारीक शेपूट, जशीच्या तशी. त्यात शेकडो ठिपकेही होते. १ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे १२ पिक्सेलपेक्षा, लहान जे काही होतं ते हाताने पुसलं, कारण वार्निशचा एवढा बारीक ठिपका धड बसत नाही आणि बसला तर धूळ वाटतो. हे पुसायला मुलाला पूर्ण एक रात्र लागली. कण्याच्या घडीपासून ४ मिलिमीटर जागा मोकळी सोडली, घडीवर यूव्ही तडकतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पहिला नमुना हातात आला. मागच्या पानावर एका ठिकाणी यूव्ही अर्धा मिलिमीटर सरकलाय, मला दिसतो. दादांनी पुढच्या कागदांना तो बसवून दिला.

काकांकडे नमुना घेऊन गेलो तेव्हा दुपार होती, ते जेवून कलंडले होते. उठून बसले, चष्मा शोधला. मुखपृष्ठ समोर धरलं तर गडद हिरवं-काळं, बऱ्यापैकी शांत. मग त्यांनी ते खिडकीकडे जरा तिरपं केलं. उजेडाची घडी वरून खाली सरकत गेली आणि पुन्हा विझली. त्यांनी परत तिरपं केलं. पाच-सहा वेळा केलं. मुलगा माझ्या मागे दाराशीच उभा होता.

“हे कुठलं?” काकांनी विचारलं.

“मासुंदा,” मी म्हटलं. “पण ओळखू येतंय का?”

“नाही. म्हणून तर विचारलं.”

आतली पानं अजून छापायची होती. काकांनी श्रेयनामावलीचं प्रूफ काढलं, माझ्या नावाशेजारी मुलाचं नाव त्याला विचारून लिहिलं, आणि खाली पेन्सिलीने एक ओळ घातली: मुखपृष्ठावरील पाणी मासुंदा तलावाचे, भाद्रपद वद्य दशमी, संध्याकाळी सात.